आगटीतली बिडाची जाळी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेवर आमचं घर. पावसाळ्यात इकडं सोप्यातली आगटी पेटल्याशिवाय दिवस सरत नाही. कपडे तिच्याभोवती वाळतात, आईचे गुडघे तिच्यापाशी शेकतात. संक्रांतीला ह्या आगटीत बिडाची जाळी बसवली, आता गणपती तोंडावर आलेत.

आधीच्या जाळीचं सांगायलाच हवं. दिवाळीला बाजारातून सळ्या वेल्डिंग केलेली आणली होती, दहा एमएमची. दोन महिन्यांत मधोमध झोळीसारखी वाकली. सळी बारीक होतीच, पण चूक आमचीही होती. खालची राख काढतच नव्हतो. राख सळ्यांना टेकली की खालून येणारी गार हवा थांबते, लोखंड दोन्हीकडून तापून लाल होतं आणि ओंडक्याच्या वजनानं खचतं.

मग बेळगावात उद्यमबागेत ओळखीच्या फौंड्रीवाल्याकडून ही ओतून घेतली. दीड फूट लांब, फूटभर रुंद, पाय चार इंचांचे. मागच्या बाजूला जरासा उतार ठेवलाय, म्हणून जळता ओंडका घरंगळून पुढं येत नाही. आठ महिने झाले, पट्ट्या सरळ आहेत.

खरा फरक फुंकणीला कळला. पूर्वी लाकूड राखेत रुतून बसायचं, आई वाकून फुंकत राहायची, डोळ्यांतून पाणी. आता खालून वारा लागतो, चार ढलप्या आणि एक करवंटी घातली की जाळ धरतो. निखारे फटींतून खाली पडतात. तिथल्या गरम राखेत आई रताळी पुरते. साल करपते, आतला गर मधासारखा होतो. लोखंड तापलेलं असल्यानं जाळ विझल्यावरही बराच वेळ ऊब राहते.

पण ओलं लाकूड ते ओलंच. जाळीमुळं त्याचा धूर थांबत नाही, लाकूड उन्हाळ्यातच फोडून माळ्यावर टाकायला हवं. वारा जास्त लागतो म्हणून लाकूड लवकर संपतं, हेही खरं. सकाळपर्यंत विस्तव जपायचा असेल तर निखारे खाली ओढून राखेनं झाकतो. त्यासाठी तळाशी इंचभर राख ठेवतो, त्याहून जास्त साठली की सुपलीनं काढून परड्यात टाकतो. काजूची टरफलं मात्र घालू नका, त्यांच्या तेलाचा धूर घशाला आणि डोळ्यांना झोंबतो. तापलेल्या बिडावर पाणी ओतू नका, तडकतं. आणि निखारे धगधगत असताना दारंखिडक्या लावून तिथं झोपू नका, निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, जीव जातो.

न्हाणीतल्या चुलीसाठी आता दुसरी जाळी सांगितली आहे. तिच्या फटी बारीक ठेवायला सांगितल्यात, कारण तिथं काटक्याच जास्त जळतात.