लिनक्सची लॉगिन स्क्रीन मराठीत हवी: सगळी सिस्टीम बदलायची की तेवढीच?

लॉगिन स्क्रीन दिसते तेव्हा आत कोणीच शिरलेलं नसतं. त्यामुळे तुमच्या खात्यात मराठी निवडलेली असली तरी तिला त्याचा पत्ता नसतो. ती स्वतःच्या वेगळ्या खात्यावर चालते आणि भाषा सिस्टीमकडून घेते. मग मार्ग तीन उरतात.

पहिला, सिस्टीमची भाषाच बदलणं. सिस्टीमडी (सर्व्हिस सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्राम) असलेल्या लिनक्सवर लोकेलसीटीएल या त्याच्याच टूलची एक कमांड दिली की काम झालं. डेबियन आणि उबुंटूवर मराठीचं लोकेल, म्हणजे भाषा आणि प्रदेशाच्या नियमांचा संच, तयार नसेल तर आधी करून घ्यावं लागू शकतं. नंतर मशीन रीस्टार्ट करा. ग्नोम या डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये एकाहून जास्त खाती असली की 'लॉगिन स्क्रीन' असा पर्याय दिसतो. तो नावापुरताच लॉगिनचा, बदलतं ते सिस्टीमचंच लोकेल. इथेच मेख आहे. पाठीमागे चालणाऱ्या सर्व्हिसचे एरर मेसेजही मराठीत येऊ शकतात, इंग्रजी आउटपुट वाचून चालणाऱ्या स्क्रिप्ट अडखळतात, सॉर्टिंगचा क्रम बदलतो. आणि ग्राफिक्स बंद पडून नुसता काळा कन्सोल समोर आला, तर लिनक्सच्या त्या कन्सोलला देवनागरी धड दाखवता येत नाही. नेमकं अडचणीच्या वेळी वाचता येत नाही.

दुसरा, डिस्प्ले मॅनेजरच्या, म्हणजे लॉगिन स्क्रीन दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या, सर्व्हिसपुरतं भाषा ठरवणारं लँग व्हेरिएबल वेगळं देणं. सिस्टीमडीच्या ड्रॉप-इन फाइलमध्ये (मूळ सर्व्हिस फाइलला हात न लावता जोडायची छोटी फाइल) दोन ओळींचं काम. बाकी सिस्टीम इंग्रजीतच राहते, म्हणून सर्व्हरची कामंही करणाऱ्या मशीनला मला हाच मार्ग बरा वाटतो. पण हा सगळीकडे चालेलच असं नाही. काही डिस्प्ले मॅनेजर, उदाहरणार्थ ग्नोमचा जीडीएम, लोकेलची फाइल स्वतःच पुन्हा वाचतात आणि तुमची ओळ बाजूला पडते.

तिसरा, स्क्रीन आहे तशी ठेवून ज्याची त्याला भाषा निवडू देणं. लाइटडीएम या डिस्प्ले मॅनेजरच्या जीटीके ग्रीटरवर, म्हणजे त्याच्या लॉगिनच्या स्क्रीनवर, भाषेचा मेनू लावता येतो. निवडलेली भाषा लागते ती लॉगिननंतरच्या सेशनला. अनेक भाषांचे लोक वापरत असलेल्या मशीनवर दुसरं काही करूच नये.

मशीन एकट्याचं आणि स्क्रिप्टचा पसारा नसलेलं असेल, तर पहिला मार्ग बिनधास्त घ्या.

जुन्या युनिक्सवर सीडीई हा जुना डेस्कटॉप असेल तर हा घोळच नाही. तिथे डीटीलॉगिन या लॉगिन प्रोग्रामच्या एक्सकॉन्फिग फाइलमध्ये भाषेसाठी स्वतंत्र सेटिंग आहे, हवं तर प्रत्येक डिस्प्लेला वेगळं. मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत ईटीसीखालच्या डीटी फोल्डरमधल्या कॉन्फिगमध्ये ठेवून ती बदलायची.

मार्ग पहिला असो वा दुसरा, फॉन्ट आधी बघा. होम फोल्डरमध्ये टाकलेला फॉन्ट लॉगिन स्क्रीनला दिसत नाही, अक्षरांऐवजी चौकोन येतात. फॉन्ट सिस्टीमभर इन्स्टॉल केलेला हवा. कीबोर्डचं सेटिंग भाषेपासून वेगळं असतं, ते वेगळंच राहू द्या. मराठी लेआउट पहिला लागला आणि पासवर्ड इंग्रजी अक्षरांत असला, तर टाइप केलेलं ठिपक्यांआड लपतं आणि बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो. इंग्रजी लेआउट पहिला, मराठी दुसरा, आणि बदलायची की आधीच तपासून ठेवलेली.