डॅशवर सगळं ठीक, आणि कूलंट ६४ अंशांवर

मी सांगलीची. आमच्याकडे गाडीच्या तापमानाची काळजी म्हणजे आंबा घाटात बॉनेट उघडून, रेडिएटरच्या टोपणावर ओला फडका टाकून उभे असलेले बाबा. गाडी तापते, एवढंच मला ठाऊक होतं. गाडी पुरेशी तापतच नाही अशीही तक्रार असू शकते, हे कॅनडात कॅलगरीला आल्यावर कळलं, आणि तेही या ४५ डॉलरच्या डबीमुळे. तीन हिवाळे ती वापरून झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डबी म्हणजे ब्लूटूथचा ओबीडी ॲडॅप्टर, गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचून फोनला पाठवणारा. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्यापाशी डॅशखाली जे सॉकेट असतं त्यात तो खोचायचा आणि फोनवर टॉर्क प्रो हे ॲप उघडायचं. इंजिनचा कॉम्प्युटर जे आकडे बघतो, ते मग आपल्यालाही दिसतात. कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान गाडी एका बाइटमध्ये, म्हणजे ० ते २५५ मधल्या एका आकड्यात, पाठवते. त्यातून ४० वजा केले की सेल्सिअस. त्यामुळे उणे ४० पर्यंतचं वाचता येतं, आणि इथे तेवढं लागतं.

माझी गाडी सेकंडहँड सिविक एसआय, २००९ ची. दोन लिटरचं इंजिन, १९७ हॉर्सपॉवर, सहा गिअर, इंजिनच्या फेऱ्यांची लाल रेघ मिनिटाला आठ हजारांवर. सहा हजारांच्या आसपास व्हीटेक लागतं, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह जास्त उघडायला लागतात, तेव्हाचा तो आवाज ऐकायला मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी येते. या गाडीवर माझा जीव आहे, म्हणूनच पहिल्या हिवाळ्यात मी अस्वस्थ होते. हीटरमधून कोमट हवा यायची, पेट्रोल जास्त जात होतं, आणि डॅशवरच्या तापमानाच्या दांड्या मात्र रोजच्यासारख्या जागच्या जागी. बहुतेक गाड्यांत हे मीटर मुद्दामच असं ठेवलेलं असतं. बऱ्याच मोठ्या टप्प्यात ते हलतच नाही, कारण चार-पाच अंशांच्या चढउताराने माणसं उगाच घाबरतात.

ॲडॅप्टर लावून पहिल्यांदा डोंगरातल्या कॅनमोर गावाला निघाले. बाहेर उणे २४. हायवेला लागून अर्धा तास झाला तरी आकडा ६४ ते ६८ मध्येच घुटमळत होता. स्कॉट लेक हिलचा उतार लागला, मी गिअरमध्येच ठेवून पाय उचलला, आणि आकडा डोळ्यांदेखत ५८ वर आला. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन पेट्रोल बंद करतं, म्हणजे उष्णता तयारच होत नाही. हीटर मात्र लहानशा रेडिएटरसारखा आहे ती उष्णता खेचत राहतो. त्या उतारावर मला पहिल्यांदा हे नीट उमगलं. चौथ्या दिवशी चेक इंजिनचा दिवा लागला, कोड पी०१२८. त्याचा अर्थ, कूलंट थर्मोस्टॅटच्या ठरलेल्या तापमानापर्यंत पोचत नाही. थर्मोस्टॅट म्हणजे कूलंट पुरेसं तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप.

कॅलगरीच्या नॉर्थईस्ट भागातल्या ज्या पंजाबी मेकॅनिककाकांकडे मी जाते, त्यांनी थर्मोस्टॅट काढून माझ्या हातावर ठेवला. पितळी कडेवर बारीक अक्षरात ६८ कोरलेलं. आधीचा मालक उन्हाळ्यात गाडी ट्रॅकवर न्यायचा, त्यासाठी त्याने लवकर उघडणारा बसवला होता. ट्रॅकवर ते ठीकच. मग काकांनी शेगडीवर स्टीलच्या पातेल्यात पाणी ठेवलं आणि जुना थर्मोस्टॅट व नवा मूळ बनावटीचा, असे दोन्ही दोऱ्याने लोंबते सोडले. थर्मामीटर ६८-६९ वर गेला तशी जुन्याची चकती हळूच उचलली गेली. आतलं मेण वितळून फुगतं आणि पिन ढकलतं, बस. नवा ७८ पर्यंत घट्ट मिटलेला. "देख लिया बेटा?" एवढंच ते म्हणाले. गॅरेज आतून गरम होतं म्हणून बरं, कारण नंतर हवा काढायला गाडीचं नाक उंच करून, हीटर पूर्ण चालू करून, रेडिएटरचा पंखा दोनदा फिरेपर्यंत थांबावं लागलं.

आता त्याच रस्त्यावर, तशाच थंडीत, ८० ते ८३. हीटर असा की हातमोजे काढावे लागतात.

नव्याने बघणाऱ्याला एक गोष्ट सांगते, मी स्वतः तिला घाबरले होते. कडक थंडीत आकडा ८० पर्यंत चढतो आणि एकदम पाच-सहा अंश घसरतो, मग पुन्हा चढतो. थर्मोस्टॅट पहिल्यांदा उघडला की रेडिएटरमध्ये शून्याखालच्या तापमानात बसलेलं कूलंट इंजिनात शिरतं, त्याचा हा परिणाम. एक-दोन झोके देऊन आकडा स्थिरावतो. बिघाड नाही.

आता उणिवा. माझ्या गाडीला ऑइलच्या तापमानाचा सेन्सर नाही, त्यामुळे तो आकडा हा किंवा कुठलाच ॲडॅप्टर दाखवू शकत नाही. ऑइल कूलंटच्या बरंच मागून गरम होतं, आणि बेअरिंगांना गरज असते ती ऑइलची. म्हणून कूलंट ८० ला पोचायला जितकी मिनिटं लागली, तितकीच आणखी जाऊ देते आणि मगच इंजिन चार हजार फेऱ्यांच्या वर नेते. उणे २५ ला हे पंचवीस मिनिटांपर्यंत जातं. रोज जीव मुठीत धरून हे पाळते.

दुसरं, सतरा मीटर एकदम स्क्रीनवर लावले तर आकडे रेंगाळतात. मी दोनच ठेवले आहेत, कूलंट आणि इंजिनात येणारी हवा यांच्या तापमानाचे. तिसरं, गाडी उभी असतानाही ॲडॅप्टर थोडी वीज खातो. थंडीत बॅटरी आधीच अर्धमेली असते, त्यामुळे दोन दिवस गाडी हलणार नसेल तर काढून ठेवा.

स्वस्तातला घेऊ नका. याआधी मी १२ डॉलरचा घेतला होता. तो एकदा दहा मिनिटं ७१ वरच अडकून राहिला, आणि मी तेवढा वेळ त्या आकड्यावर विश्वास ठेवून गाडी चालवली. चुकीचा आकडा हा आकडा नसण्यापेक्षा वाईट. हा ४५ वाला तीन वर्षांत एकदाही अडकलेला नाही.

आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला चालत नाही. खोक्यावर ब्लूटूथ एलई किंवा वायफाय लिहिलंय का ते बघून घ्या.