नवोदय की जिल्हा परिषद हायस्कूल?
2024 च्या दहावीत नवोदय विद्यालयांचा, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळांचा, निकाल 99.09 टक्के लागला. राज्य मंडळाचा, सगळ्या प्रकारच्या शाळा मिळून, 95.81. बोर्ड वेगळं, पेपर वेगळे, तरी पारावर चर्चा असल्या आकड्यांवरच होते.

मला ही तुलनाच लंगडी वाटते. नवोदयमध्ये सहावीत जाण्याआधीच चाळणी लागते: पाचवीत परीक्षा, आणि एका विद्यालयात जास्तीत जास्त 80 जागा. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना, शिवाय अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण. म्हणजे पोरं खेड्यापाड्यांतलीच, पण पारखून घेतलेली. राहणं, जेवण, पुस्तकं सगळं तिथेच.

जिल्हा परिषदेच्या हायस्कूलला अशी निवड परवडत नाही. दारात येईल त्याला घ्यायचं. बीडकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास आई-बाप ऊसतोडीला निघाले की नववीतला पोरगा एक तर त्यांच्याबरोबर फडावर जातो, नाहीतर आजीजवळ राहून धाकट्यांना सांभाळतो. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे खाडेच खाडे. शाळेतली खिचडीही आठवीपर्यंतच.

मूल पाचवीत असेल आणि घर सोडून राहायची तयारी असेल, तर नवोदयचा फॉर्म भराच. (नववीत काही मुलांना वर्षभर दुसऱ्या राज्यातल्या नवोदयात पाठवतात, हे त्याला आधीच सांगून ठेवा.) पण गावातलं हायस्कूल जोखायचं असेल, तर टक्केवारी बाजूला ठेवून मुख्याध्यापकांना एवढंच विचारा: आठवीत आलेल्यांपैकी दहावीच्या परीक्षेला बसले किती?