अभ्यासिका चांगली, पण सहा महिन्यांची अट अन्यायाची

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुरा भागात स्पर्धा परीक्षांची पुस्तके विकणारी दुकाने आहेत आणि त्यांच्या मागच्या गल्ल्यांमध्ये अभ्यासिका आहेत. त्यांपैकी एका अभ्यासिकेत मी दोन टप्प्यांत मिळून सव्वा वर्ष बसलो. तिचे नाव येथे देत नाही, कारण माझी तक्रार एका मालकाला उघडे पाडण्यासाठी नाही. जागा घेण्यापूर्वी मला जे कोणी सांगायला हवे होते, ते नव्याने पदवी घेऊन शहरात येणाऱ्या मुलामुलींना सांगावे, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

मी २०२२ मध्ये रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. त्यानंतरचे एक वर्ष वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत अर्ज देत फिरण्यात गेले, आणि तेथे प्रत्येक फाटकावर दोनच प्रश्न विचारले गेले: अनुभव किती आहे, आणि ठेकेदारामार्फत येण्याची तयारी आहे का. फुलंब्री तालुक्यातील माझ्या गावात घरी बसून अभ्यास करणे शक्य नव्हते. ओसरीवर पुस्तक उघडले की येणारा-जाणारा “काय, लागलं का कुठं?” असे विचारी, आणि त्यांच्या विचारण्यात काळजी असली तरी दिवसातून चार वेळा त्याचे उत्तर देणे मला जड जात असे. अभ्यासिकेने मला सर्वांत आधी दिले ते हेच, की तेथे हा प्रश्न कोणी विचारत नव्हते.

जागेविषयी बोलायचे तर महिन्याला ९०० रुपये शुल्कात मिळणाऱ्या सोयी वाजवी आहेत. प्रत्येकाला प्लायवूडच्या आडपडद्याचे स्वतंत्र टेबल, दिवा आणि चार्जिंगची सोय मिळते, पिण्याचे पाणी थंड असते आणि वीज गेली तर इन्व्हर्टर लगेच सुरू होतो. शांतता मात्र शुल्काच्या मानाने कितीतरी अधिक मोलाची आहे आणि तिचे सारे श्रेय रात्रीची देखरेख करणाऱ्या काकांना द्यायला हवे. दहा वाजल्यानंतर ते चप्पल काढून हातात घेतात आणि अनवाणी पायांनी रांगांमधून फिरतात, कोणाला डुलकी लागली असेल तर टेबलावर बोटाने दोनदा टिचकी मारतात, आणि एखादा मुलगा नुसताच भिंतीकडे पाहत बसला असेल तर त्याला खाली चहाला घेऊन जातात. एका भरतीचा निकाल लागला त्या रात्री त्यांनी असे पाच-सहा जण खाली नेलेले मी पाहिले.

जेवणाची व्यवस्था अपुरी आहे. आमच्यापैकी अनेकांचे डबे गावाहून एसटीने येतात. माझा डबा सकाळच्या गाडीने येई आणि तो दुसऱ्याच्या डब्यात मिसळू नये म्हणून बहिणीने झाकणावर नेलपॉलिशने माझे नाव लिहिले होते. बसस्थानकावरून तो आणून जिन्याखालच्या एका बाकावर पाळीपाळीने खावा लागतो, आणि हात धुण्यासाठी सर्वांना मिळून एकच नळ आहे.

२०२३ च्या तलाठी भरतीच्या काळात या व्यवस्थेवर किती ताण आला, ते मी पाहिले आहे. ४,६४४ पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते आणि खुल्या प्रवर्गाला एका अर्जाचे शुल्क १,००० रुपये होते, म्हणजे अभ्यासिकेच्या महिन्याभराच्या शुल्काहून जास्त. त्या ऑगस्टमध्ये मालकांनी रांगांच्या मधल्या वाटेत प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या आणि मांडीवर पाटी घेऊन बसणाऱ्यांकडूनही पूर्ण ९०० रुपये घेतले. गरज सर्वांची होती, म्हणून कोणी बोलले नाही, पण ते बरोबर नव्हते.

दुसरी अडचण नवी आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली असून आता नऊ पेपर आणि १,७५० गुण आहेत. तीन-तीन तास हाताने लिहिण्याचा सराव करण्याशिवाय पर्याय नाही. येथील दोन फुटी टेबल वाचण्यासाठी पुरते, परंतु प्रश्न आणि उत्तरपत्रिका शेजारी ठेवून लिहायला बसले की कोपर आडपडद्याला लागते आणि पलीकडच्याचे टेबल हलते. कपाटातील सामाईक पुस्तकेही बहुतेक जुन्या, बहुपर्यायी पद्धतीची आहेत.

माझी खरी तक्रार सहा महिन्यांचे शुल्क आगाऊ भरण्याच्या अटीबद्दल आहे. जुलै २०२३ मध्ये वडिलांनी खरिपाच्या पीककर्जातून ५,४०० रुपये काढून दिले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मला वाळूजमध्ये एका ठेकेदारामार्फत प्रयोगशाळेत काम मिळाले, तेव्हा उरलेल्या तीन महिन्यांचे २,७०० रुपये परत मागितले. ते मिळाले नाहीत. निदान ती जागा माझ्या चुलत भावाच्या नावावर करावी, अशी विनंती केली, तीही नाकारण्यात आली आणि दुसऱ्याच आठवड्यात तेथे नवा मुलगा बसलेला दिसला. आठ महिन्यांनी ठेका संपला, माझे काम गेले आणि मी पुन्हा त्याच दारात आलो, तेव्हा माझ्याकडून नव्याने नोंदणीचे ३०० रुपये घेण्यात आले. ज्याला पुढच्या महिन्यात आपण कुठे असू हे ठाऊक नाही, त्याच्याकडून अर्ध्या वर्षाचे पैसे घेऊन ठेवणे हा त्याच्या अडचणीचा फायदा घेणे आहे. मालक मनाने वाईट नाहीत, दोन मुलींचे शुल्क त्यांनी स्वतःहून माफ केल्याचे मला माहीत आहे, म्हणूनच ही अट त्यांनी बदलावी असे मी त्यांना समक्षही सांगितले आहे.

प्रवेशद्वाराशी निवड झालेल्यांच्या छायाचित्रांची भिंत आहे. प्रत्येक छायाचित्राखाली नाव आणि पद लिहिलेले असते, परंतु ते पद किती वर्षांनी आणि कितव्या प्रयत्नात मिळाले, हे कुठेही लिहिलेले नाही. माझ्या शेजारी बसणारे एक दादा सातव्या वर्षी लिपिक झाले. त्यांचे छायाचित्र लागले तेव्हा त्याखाली “सात वर्षे” असे लिहा, असा आग्रह त्यांनी धरला होता. तो मानला गेला नाही. नवीन मुले वडिलांना घेऊन त्याच भिंतीसमोर उभी राहतात आणि तिच्याकडे पाहून पैसे भरतात, तेव्हा तेवढी माहिती त्यांच्यासमोर असायलाच हवी.

जागा पाहायला जाणाऱ्यांनी दुपारी तीनच्या सुमारास जावे, कारण पत्र्याखालच्या शेवटच्या दोन रांगा किती तापतात हे तेव्हाच कळते. खिडकीकडची तिसरी रांग सर्वांत चांगली आहे. पैसे भरण्यापूर्वी महिन्याच्या शुल्काविषयी स्पष्ट विचारावे, जागा सोडल्यास काय परत मिळेल हे पावतीवर लिहून घ्यावे, आणि वडील सोबत असतील तर हे सारे त्यांच्यासमोर विचारावे.