अफवेचं उत्तर कुठे शोधायचं : बीएसईचं घोषणांचं पान

गेली अकरा वर्षं माझी सकाळ बीएसईच्या, म्हणजे मुंबईच्या शेअर बाजाराच्या (स्टॉक एक्स्चेंजच्या) संकेतस्थळावरच्या ‘कॉर्पोरेट अनाउन्समेंट्स’ या पानाने सुरू होते. शाळेच्या कार्यालयातून निवृत्त झाले, फंडाच्या पैशातले थोडे शेअरमध्ये घातले, तेव्हापासूनची ही सवय. कंपनीचा सहा आकडी कोड टाकायचा, तारीख निवडायची, की तिने एक्स्चेंजला पाठवलेला प्रत्येक कागद समोर येतो. कागद कधी पोचला आणि कधी प्रसिद्ध झाला, दोन्ही वेळा सेकंदासकट खाली छापलेल्या असतात. आणि हे सगळं फुकट. उणीव एकच, पण माझ्यासारखीला ती मोठी वाटते : जवळजवळ सगळं इंग्रजीत.

या पानाची खरी किंमत मला गेल्या श्रावणात कळली. मी एका मध्यम आकाराच्या कंपनीचे शेअर धरून आहे, शेजारच्या काकांकडेही तेच. एका संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फिरत आलं : ‘प्रवर्तकांनी शेअर गहाण टाकलेत, ऑडिटर पळाला, शहाण्याने समजून घ्यावं.’ (प्रवर्तक म्हणजे कंपनी ज्यांच्या ताब्यात असते ते मुख्य मालक.) दुसऱ्या दिवशी भाव घसरला, तिसऱ्या दिवशी आणखी. मी कंपनीच्या भागधारक कक्षाला फोन केला. पलीकडची मुलगी नम्रपणे म्हणाली, “मॅडम, आम्ही अफवांवर काही बोलत नाही.” चौथ्या दिवशी काकांनी तोट्यात सगळे शेअर विकले. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले होते ते.

मी त्या रात्री त्याच संकेतस्थळावरचा कंपनीचा ‘शेअरहोल्डिंग पॅटर्न’, म्हणजे कोणाकडे किती शेअर आहेत याचा तक्ता, उघडला. प्रवर्तकांच्या तक्त्यात तारण ठेवलेल्या शेअरचा रकाना असतो, तिथे शून्य होतं. ऑडिटरने राजीनामा दिला तर तो कारणांसकट एक्स्चेंजला कळवावाच लागतो. तसा एकही कागद नव्हता. दोन्ही गोष्टी खोट्या निघाल्या, आणि ते तपासायला मला वीस मिनिटंही लागली नाहीत. एक्स्चेंजने विचारणा केल्यावर कंपनीचं उत्तर आलं तेही दीड ओळीचं : जाहीर करण्यासारखी कोणतीही माहिती आमच्याकडे नाही. मला याचा राग आला, अजून आहे. आकडा हाताशी असताना तो लिहायला काय हरकत होती?

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा नियम इथे अपुरा पडतो. बाजारमूल्याने पहिल्या शंभर कंपन्यांना 1 जून 2024 पासून आणि पहिल्या अडीचशेंना 1 डिसेंबर 2024 पासून, बातमीमुळे भाव लक्षणीय हलला तर 24 तासांत ती खरी, खोटी किंवा नेमकी काय ते सांगावं लागतं. पण बातमी मुख्य प्रवाहातल्या माध्यमांत आलेली हवी. आमची कंपनी अडीचशेंच्या बाहेर आणि अफवा मोबाईलवरची, म्हणजे दोन्हीकडून सुटली.

माझे दीर बँकेत होते. ते म्हणतात, प्रत्येक कुजबुजीला उत्तर दिलं तर कंपनी दुसरं काही करणारच नाही, शिवाय ज्यांच्या कानावर गेलं नव्हतं त्यांच्याही जाईल. यात तथ्य आहे. ‘काहीतरी शिजतंय’ याला कोण काय उत्तर देणार? आणि आज ‘नाही’ म्हणालात, उद्या गप्प बसलात, तर लोक त्या गप्पपणाचा अर्थ ‘हो’ असाच लावतील. पण गहाण, ऑडिटर, थकलेलं कर्ज ही तपासता येणारी विधानं आहेत. भाव त्यांच्यामुळेच पडत असेल तर एकदाच, आकड्यासकट, याच पानावर उत्तर द्यावं आणि भागधारकाने ते कुठे पडताळावं तेही लिहावं. 2008 च्या सप्टेंबरअखेर आयसीआयसीआय बँकेबद्दल अफवा उठल्या, एटीएमपुढे रांगा लागल्या, तेव्हा बँक स्वतः तर बोललीच, शिवाय 30 सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेने निवेदन काढून बँकेकडे पुरेसा पैसा असल्याचं सांगितलं. रांगेतल्या माणसाला तेच ऐकायचं होतं.

पानाला माझ्याकडून पाचपैकी चार तारे. त्या कंपनीच्या भागधारक कक्षाला एक, तोही फोन उचलला म्हणून. शेअर मी विकलेले नाहीत. तारणाच्या रकान्याचा छापील कागद मी काकांना नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि विचारलं, “हे त्यांनी सोमवारीच का नाही सांगितलं गं?”