लेदर सीटचा उडालेला रंग घरीच दिला: एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यावर

गाडी सेकंडहँड स्कोडा सुपर्ब, सीट बेज लेदरच्या. इंजिन ठणठणीत, पण ड्रायव्हरचं दार उघडलं की लाज वाटायची. उतरताना मांडी जिथे घासते त्या बाजूच्या उंचवट्याचा रंग उडून खालचं करडं कातडं दिसत होतं. बसायच्या भागावर जीन्सची निळसर झाक, हेडरेस्ट काळपट आणि चिकट. कुशनवाल्याने लांबूनच बघून "काढून नवीन टाकू साहेब" म्हटलं. नवीन म्हणजे रेक्झिन, हे खोदून विचारल्यावर कळलं. शिवाय या सीटच्या कुशीत साइड एअरबॅग असते आणि ती फुटताना तिथली शिवण आपोआप उसवावी लागते, म्हणून ती शिवण मुद्दाम वेगळ्या दोऱ्याने घातलेली असते. तिथे कुणीही कसाही जाड दोरा ओढलेला मला चालणार नव्हता. म्हणून हे काम घरी.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, पैसे वाचतील. गाडीतलं बहुतेक लेदर उघडं नसतं. कातड्यावर रंगाचा थर आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर असतो. पाण्याचा थेंब टाकून बघा, मुरत नाही, तसाच बसून राहतो. मग कंडिशनर तरी आत कितीसा जाणार? "लेदरला पोषण" वगैरे बाटलीवरची भाषा आहे. रंग उडाला असेल तर रंगच द्यावा लागतो, क्रीम चोळून तो परत येत नाही. खोबरेल तेलाचा घरगुती सल्ला तर सोडूनच द्या: वरच्या वर राहतं, धूळ धरतं आणि पुढे रंग धरू देत नाही.

खरा फरक पडला तो साफसफाईने. लेदरसाठीचा सौम्य फोम क्लीनर आणि घोड्याच्या केसांचा मऊ ब्रश. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर नको, कातडं स्वभावाने किंचित आम्लधर्मी असतं आणि पावडरीतला क्षार त्याला मानवत नाही. वीतभर भाग घ्यायचा, फोम ब्रशवर (सीटवर नाही, मधल्या बारीक भोकांतून पाणी आत जातं), गोल घासायचं आणि फोम वाळायच्या आत मायक्रोफायबरने उचलायचा. पहिल्याच फडक्यावर चहाच्या रंगाचं पाणी आलं. माझी सीट बेज नसून मळखाऊ तपकिरी आहे असं मी समजत होतो, ते सगळं त्या फडक्यावर होतं. निळी झाक बरीचशी गेली, पण शिवणीजवळ जिथे वरचा थर झिजला होता तिथे ती आत उतरलेली होती. ती क्लीनरने जात नाही.

आधीच्या मालकाने कुठल्याशा वॉशिंग सेंटरमध्ये चकचकीत पॉलिश मारून घेतलेलं होतं. सिलिकॉनचं. ब्रेक दाबला की माणूस पुढे सरकायचा! ते आधी पूर्ण काढावं लागलं, कारण सिलिकॉनवर रंग बसत नाही, ठिपके ठिपके होऊन फाटतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने फडकं मळकं यायचं थांबेपर्यंत पुसलं. मग झिजलेल्या भागावर १००० नंबरचा वॉटर पेपर अगदी हलक्या हाताने फिरवला. भेगांमध्ये लेदर फिलर, पातळ. गाडीच्या पत्र्याला भरतात ती लांबी (पुट्टी) इथे वापरू नका, ती कडक होते आणि सीट दबली की तडकते.

रंग पाण्यावर आधारित, नमुना पाठवून जुळवून घेतलेला. नमुना हेडरेस्ट काढल्यावर खाली जो न मळलेला भाग दिसतो तिथला घ्यायचा, आणि तोही पुसून. स्पंजने टिपायचा, ओढायचा नाही. पहिला हात भयंकर दिसतो, घाबरू नका. पातळ हात, हेअर ड्रायर, पुन्हा पातळ हात. शेवटी मॅट सीलर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक संरक्षक थर. चकाकणारा घेतलात तर दुरुस्त केलेला भाग लांबून ओळखू येईल.

आता वापरानंतरचं. रंग टिकलाय. मे महिन्यात गाडी उघड्यावर उभी असायची, तरी चिकटपणा नाही, पॅन्टला रंग लागणं नाही. उंचवट्याच्या अगदी कडेला, जिथे लेदर रोज दुमडतं, तिथे केसाएवढ्या रेषा परत आल्यात. जवळून बघितल्यावर दिसतात, बोटाला लागत नाहीत. पावसाळ्यात बुरशीची धास्ती होती, कारण ओल्या कपड्यांनी बसणं होतंच. सीटवर काही आलं नाही, पट्ट्याच्या बकलजवळच्या कापडावर मात्र पांढरी आली. तेव्हापासून घरी पोचायच्या जरा आधी एसीचं कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवतो. जीन्सचा निळा रंग पुन्हा लागतोच, पण सीलर शाबूत असल्याने ओल्या फडक्याने आणि थोड्या फोमने निघतो. ही सगळ्यात मोठी कमाई.

हेडरेस्ट मात्र फसला. वर्षानुवर्षं डोक्याचं तेल आत मुरलं की वरचा थर मऊ पडतो. कितीही पुसा, काही आठवड्यांनी तेल पुन्हा वर येतं आणि नवा रंगही सोलतो. तिथे कुशनवाल्याकडून अस्सल चामड्याचा नवा तुकडा लावून घेतला, तोच शहाणपणाचा मार्ग.

कंडिशनरला दहापैकी पाच. हाताला मऊ लागतं, सीटची करकर कमी होते, घासण्यापासून थोडं संरक्षण मिळतं. दोन-तीन महिन्यांतून एकदा पातळ हात पुरे. क्लीनरला नऊ. तुमच्या सीटचा रंग शाबूत असेल तर फक्त तोच घ्या, बाकीचं सामान दुकानातच राहू द्या. लेदर फाटलं असेल किंवा आतला फोम बसला असेल, तर या भानगडीत पडू नका. आणि सीटच्या बाजू, पाठीमागचा भाग यावर वेळ घालवू नका. कंपनीच्या "लेदर सीट"मध्येही ते भाग बरेचदा रेक्झिनचेच असतात.