मातीसकट मिळणारी रोमन कांस्य नाणी: १० नाण्यांचा संच

बहुतेक नाणी चौथ्या शतकातली, छोटी. सर्वांत देखणं रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनचं: मागच्या बाजूला सूर्यदेव सोल, डोक्यावर किरणांचा मुकुट, उजवा हात उंचावलेला, डाव्या हातात गोल, भोवती लॅटिनमध्ये ‘सोली इन्विक्टो कोमिटी’ (अजिंक्य सोबती सूर्याला). सम्राट लिसिनिअसच्या नाण्यावर रोमनांचा मुख्य देव ज्युपिटर, पायाशी गरुड. देवाच्या पायाखालची अक्षरं नाणं कुठल्या टाकसाळीतलं ते सांगतात; तिथली माती जपून काढा.

डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, पाणी रोज बदला, सुटलेली माती लाकडी टूथपिकने उकरा. तांब्याच्या भांड्यासारखी चिंच किंवा लिंबू अजिबात लावू नका! आम्लाने वरचा हिरवट थर जातो आणि चेहऱ्याचे बारकावे बहुधा त्या थरातच टिकलेले असतात.

दोन नाण्यांवर फिकट हिरवी भुकटी आहे. हा क्लोराईडचा रोग, म्हणजे क्लोराईड क्षारांमुळे कांस्य गंजत जाणं; दमट हवेत वाढतो. ती नाणी वेगळी, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवा. विक्रेत्याने हे आधी सांगायला हवं होतं.